जौजे

कंधारच्या तहसिलीसमोर, लिंबाच्या पलीकडं
माझा पत्र्याचा डबा. आत एक संगणक, एक प्रिंटर
आणि फक्त डावीकडंच मान वळवणारा टेबलफॅन.
सकाळी दहापासून मी सत्य लिहिते,
पानाला तीस रुपये.
"मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की"
एवढं आधीच टाईप करून ठेवलेलं असतं.
पुढचं सत्य ज्याचं त्यानं आणायचं.

यंदा सगळ्यांना पणजोबा हवे आहेत.
पोरं एका गाडीवर तिघं तिघं येतात,
फोनमध्ये पिवळ्या कागदाचे फोटो,
निजामाच्या वेळचं उर्दू,
त्यांना वाटतं, मुंग्याच चालल्यात.
मग शेजारच्या बाकावरचे गौसोद्दीन मास्तर
कोटाच्या खिशातून भिंग काढतात.
उन्हाळ्यातही कोट. भिंगासाठी खिसा लागतो म्हणे.

परवा चौकात भोंगा लावून ज्यानं
कुणाकुणाला कुठं कुठं जायला सांगितलं,
तो आज मास्तरांपुढं उकिडवा:
"चाचा, आमच्या आज्याची जात वाचा ना."
मास्तरांनी वाचली. वरून चहा पाजला.
मी म्हटलं, कामून हो?
म्हणाले, "बाई, अक्षराला काय माहीत
कोण वाचून घ्यायलंय."

पहाटे मी डाव्या तळहातावर लिंग ठेवते,
डोळे मिटते, जमेल तेवढी.
मग तोच हात दिवसभर काना-मात्रा देत राहतो.
सांगणारा खोटं सांगतो, मला कळतं,
तरी मी टाईप करते.
पाप कुणाला, जिभेला की बोटांना?
मठात स्वामींना विचारलं एकदा.
ते म्हणाले, शिवाला सगळं कळतं,
आणि मठाच्या सातबाऱ्याचं एक प्रतिज्ञापत्र
करून घेतलं, फुकट.

मला तसं काही नको होतं.
जमीन बापानंच फुंकली, दाखला घेऊन जाणार कुठं?
पण सगळे आपापले मेलेले शोधायलेत
तर म्हटलं, आपणही बघावं.
मास्तरांनी कागद उन्हाकडं धरला.
फसली तेराशे एकेचाळीस.
"शिवलिंगप्पा वल्द मल्लप्पा, फौत.
कब्जेदार: जौजे शिवलिंगप्पा."
नाव?
"नाव नाही बाई. जौजे. म्हणजे बायको."

अठरा एकर कसली तिनं, एकटीनं,
बिननावाच्या बाईनं.
देगलूरच्या आत्याला फोन लावला.
ऐंशीच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं,
तीनदा ओरडून विचारावं लागलं, लाईनमधले सगळे बघायलेले.
"आम्ही अव्वाच म्हणायचो गं.
अव्वाला कुठं नाव असतंय?"
मग तिनं दुधाच्या भावाचं विचारलं.

मी परत खुर्चीवर बसले.
पुढची बाई आली, वारसाचं काम,
आणि माझं बोट आपोआप गेलं एका बटणावर.
बावीस वर्षांपूर्वी मीच करून घेतलेली सोय ती,
एकदा दाबलं की 'जौजे' उमटतं, वेळ वाचतो.
किती वाचवला असेल, हिशेब नाही.

आता मी आधी बाईलाच विचारते, तुमचं नाव सांगा.
ती नवऱ्याकडं बघते.
नवरा माझ्याकडं बघतो.
रांग वैतागते.
कायद्यात काही बदललेलं नाही,
बटण अजून तिथंच आहे.

दीडला लाईट गेली.
प्रिंटरमधून अर्धाच कागद बाहेर,
"सत्य प्रतिज्ञेवर लिहून"पर्यंत.
उरलेली प्रतिज्ञा मशीनच्या पोटात.
मास्तर जोहरला गेलेत, भिंग माझ्या टेबलावर ठेवून,
"उडतंय बघा काही, कागदावर ठेवा."
मी त्यातून आपला अंगठा बघितला.
रेघा चांगल्या मोठ्या दिसल्या,
वाचता काही येईनात.

लाईट तीनला येईल म्हणायलेत.
बाहेर सतरा माणसं आहेत.
एक म्हातारी केव्हाची पायरीवर बसलीय,
तिला अजून विचारायचं राहिलंय.